बोलोन्यात तीन वर्षं राहायचं आहे, तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीची मुलगी, वय २९. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी निवड झाली आहे, नोव्हेंबरपासून तीन वर्षं. घरात आजवर कुणी परदेशात राहिलेलं नाही. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तिने विचारलंय: कोणत्या भागात घर बघू, जेवणाचं कसं जमेल, आणि शेवटी एका ओळीत, 'तिथे आपलं असं काही वाटेल का?'

मी तेरा वर्षं बोलोन्यात राहते. पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. चहाच्या पुड्यांपासून गोळ्यांच्या स्ट्रिपपर्यंत सगळं भरणारी यंत्रं या शहराच्या आसपास बनतात. शिवाय शनिवारी सकाळी, नव्याने आलेल्या बायकांना इटालियन शिकवणाऱ्या एका वर्गात मदतीला जाते. तिथे भेटलेल्या शंभरेक जणींच्या अडचणी पाहून माझं एक मत पक्कं झालंय. 'कोणता भाग चांगला' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की ज्याचा करार सरकारदरबारी नोंदला जाईल असं घर मिळतंय का. नोंदलेला पत्ता आणि बोलता येणारी भाषा, या दोन गोष्टी हातात असल्या की बाकीचं बोलोन्या हळूहळू उघडतं. त्यातली एक जरी नसली, तरी तीन वर्षं पाहुण्यासारखी जातात.

माझं स्वतःचं पहिलं वर्ष असंच गेलं. खोली छान होती, विद्यापीठाच्या गल्ल्यांपासून पाच मिनिटांवर. घरमालक भला वाटला, भाडं रोख घ्यायचा, करार 'पुढच्या महिन्यात करू' म्हणायचा. तो पुढचा महिना आलाच नाही. करार नोंदलेला नाही म्हणून नगरपालिकेत, म्हणजे इथल्या कोमूनेत, रहिवासी म्हणून नाव लागेना. ते नाव म्हणजे रेझिदेंत्सा. ते नाही म्हणून इथलं ओळखपत्र नाही, आपला डॉक्टर निवडायला अडचण, आणि पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात प्रत्येक वेळी नवी खुलासापत्रं. सोडताना अनामत रक्कमही परत मिळाली नाही, कारण ती दिल्याचा कागदच माझ्याकडे नव्हता. त्या काळात मी रात्री रडले आहे, म्हणून हे आधी सांगते.

तर घर बघायला गेलात की भिंतींचा रंग नंतर बघा. पहिलं वाक्य हे विचारा: 'इल कोंत्रात्तो ए रेजिस्त्रातो?' करार नोंदलेला आहे का? दुसरं: 'पोस्सो प्रेंदेरे ला रेझिदेंत्सा?' मला इथे रहिवासी म्हणून नाव लावता येईल का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर घर कितीही देखणं असो, निघा. नोंदणी करार झाल्यापासून तीस दिवसांत करायची असते आणि तिची पावती भाडेकरूला मागता येते. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. करारांचे प्रकार बरेच आहेत. तुमच्यासाठी कामाचे दोन: विद्यार्थ्यांचा करार, जो सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत होतो, आणि 'त्रान्सितोरियो', म्हणजे तात्पुरता करार, जो जास्तीत जास्त अठरा महिन्यांचा. पहिला मिळाला तर उत्तम. आणखी एक: युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं की मालकाने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. त्या कागदाची प्रत मागून घ्या, ती पुढे लागते.

आता भागाविषयी. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, मुख्य म्हणजे पैशांवर. डॉक्टरेटची किमान शिष्यवृत्ती धरली तर हातात महिन्याला साधारण १,२०० युरो येतात. माझ्या पाहण्यात स्वतंत्र खोली ५०० ते ६५० युरोच्या खाली क्वचित मिळते, आणि तीही दुसऱ्यांबरोबर स्वयंपाकघर वाटून घेऊन. म्हणजे अर्धा पगार घरातच जाणार, हे धरून चाला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळे विद्यार्थी एकदम खोल्या शोधतात, म्हणून जुलैपासून शोधाला लागा. जे घर तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यासाठी भारतातून एक पैसाही पाठवू नका. पहिले तीन-चार आठवडे विद्यापीठाच्या किंवा एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत काढून इथून शोधणं महाग वाटलं तरी शेवटी स्वस्त पडतं.

भाग निवडायचाच तर मी स्टेशनच्या पलीकडचं बोलोनिन्या किंवा पूर्वेकडचं चिरेनाइका बघायला सांगेन. बोलोनिन्या ही जुनी कामगार वस्ती. आज तिथे बांगलादेशी, पाकिस्तानी, चिनी, मोरोक्कन सगळे आहेत, आणि आपली तूरडाळ, कढीपत्ता, पोहे तिथल्याच दुकानांत मिळतात. स्टेशनच्या अगदी मागच्या काही गल्ल्या रात्री उशिरा मला आवडत नाहीत, पण बाजारपेठेच्या बाजूला मी स्वतः चार वर्षं राहिले आणि कधी भीती वाटली नाही. चिरेनाइका शांत आहे, विद्यापीठापासून पायी जाता येतं. तिथल्या रस्त्यांना पूर्वी लिबियातल्या इटालियन वसाहतींची नावं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती बदलून फॅसिस्टांशी लढलेल्या स्थानिकांची नावं दिली, जुन्यापैकी एक व्हिया लिबिया तेवढी राहिली. सारागोत्सा भाग सुंदर आहे, पण तिथे तळमजला किंवा अर्धवट जमिनीखालची खोली घेऊ नका. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रावोने नावाचा झाकलेला ओढा उसळला आणि रस्त्यावरून पाणी घराघरांत शिरलं. कुणी तशी खोली कमी भाड्यात देत असेल तर ती कमी का आहे हे विचारा.

खोली बघताना हीटिंगचंही विचारा. इथे कायद्याने १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल एवढंच चालवता येतं, तेही दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास. इमारतीचं सामाईक आहे की तुमच्या घराचं वेगळं, आणि त्याचं बिल भाड्यात धरलंय की वेगळं, हे करारात लिहून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथल्या मैदानावर दाट ओलसर धुकं बसतं. आपल्याकडच्या माणसाला थंडीपेक्षा ती ओल जास्त लागते.

कागदपत्रांचा क्रम एकदा नीट सांगते, कारण त्यात चूक झाली की महिने जातात. आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत निवास परवान्याचा, म्हणजे पेरमेस्सो दि सोज्जोर्नोचा अर्ज पोस्टातून करायचा. त्याचं पाकीट मोठ्या पोस्ट ऑफिसात फुकट मिळतं. सोळा युरोचा मुद्रांक मात्र तंबाखूच्या दुकानात, ताबाक्केरियात, विकत घ्यावा लागतो. पोस्ट जी पावती देईल ती कार्ड हातात येईपर्यंत तुमचा परवानाच आहे. तिची झेरॉक्स नव्हे, मूळ पावती जपा. बोटांचे ठसे द्यायला पोलिसांकडे, क्वेस्तूरात, जायची तारीख पोस्टात अर्ज देतानाच मिळते.

दुसरं आरोग्याचं. तुमचा परवाना नेमका कोणत्या प्रकारचा असेल हे विद्यापीठाच्या डॉक्टरेट कार्यालयाला आधीच विचारा. तो शिक्षणासाठीचा असेल, तर सरकारी आरोग्यसेवेत ऐच्छिक नोंदणी करता येते. तिचा वर्षाचा आकडा २०२४ पासून ७०० युरो आहे. ती जानेवारी ते डिसेंबर अशीच धरतात, तुकडे करून मिळत नाही. तुम्ही नोव्हेंबरमध्ये येताय, म्हणजे दोन महिन्यांसाठी पूर्ण वर्षाचे पैसे जातील. डिसेंबरअखेरपर्यंतचा खासगी विमा भारतातूनच घेऊन या आणि नोंदणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करा. नोंदणी झाली की आपला डॉक्टर, मेदिको दि बाझे, निवडता येतो, आणि त्याच्याकडे तपासणीचे पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट खास आपल्या लोकांसाठी, आणि हिच्यापायी मी अनेकींना रांगेत पुन्हा पुन्हा उभं राहताना पाहिलंय. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. इथे प्रत्येकाला सोळा अक्षरांचा करक्रमांक मिळतो, कोदिचे फिस्काले, आणि तो नावातल्या व्यंजनांवरून बनतो. नुसतं 'मीरा' लिहिलं तर नावाची तीन अक्षरं एम, आर, ई येतात. 'मीरा वसंत' लिहिलं तर एम, व्ही, एस. म्हणजे विद्यापीठात एक नाव दिलं आणि बँकेत दुसरं, तर सरकारच्या लेखी तुम्ही दोन माणसं. पासपोर्टवर आहे तसंच, पूर्ण, सगळीकडे लिहा, घराच्या घंटीवरच्या पाटीपासून. पाटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि इथे महत्त्वाचं सगळं अजून पत्रानेच येतं. त्या क्रमांकात जन्मतारखेच्या आकड्यात चाळीस मिळवलेले दिसले तर घाबरू नका. बायकांच्या बाबतीत तसंच करतात. तुम्ही १२ तारखेच्या असाल तर ५२ दिसेल.

म्हणजे क्रम असा: परवान्याचा अर्ज, नोंदलेला करार, कोमूनेत रेझिदेंत्सा, जानेवारीत आरोग्यसेवा. या चार पायऱ्यांत उलटसुलट करू नका.

आता जेवण. बोलोन्या इटलीत खाण्यासाठी नावाजलेलं शहर आहे आणि त्यातलं नावाजलेलं जवळजवळ सगळं मांसाचं आहे, हे मान्य करून सुरुवात करू. तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, यात डुकराचं मांस असतं आणि तो कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या पाण्यात उकळतात. ब्रोदो हा शब्द दिसला की ते पाणी समजा. पण फसवणारी गोष्ट वेगळीच. पियादीना ही मैद्याची पोळी आणि क्रेशेंतीना ही तळलेली पुरीसारखी चकती, दोन्ही दिसायला आपल्या वाटतात. पारंपरिक पद्धतीत दोन्हींत स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी असते. मी पहिल्या महिन्यात चीज घातलेली पियादीना रोज आनंदाने खात होते. कुणीतरी सांगितलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून पहिला प्रश्न 'चे लो स्त्रुत्तो?' असाच विचारते. ऑलिव्ह तेलातली पियादीनाही मिळते, मागावी लागते.

अंड्याचंही सांगते. या भागातला ताजा पास्ता अंड्यातच मळतात, शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं. तुम्हाला चालणारा पास्ता म्हणजे सुका, ज्याच्या पाकिटावर 'सेमोला दि ग्रानो दूरो' लिहिलेलं असतं. त्यात फक्त रवाळ गहू आणि पाणी. आणि खरं पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणाने विरजतात. काही शाकाहारी ते चालवून घेतात, काही नाही, हा निर्णय तुमचा. पण माहीत असावं.

घरी मात्र तुम्ही राजासारख्या जेवाल. बेसन इथल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये 'फारीना दि चेची' म्हणून मिळतं. माझं पिठलं तेरा वर्षांत एकदाही बेसनावाचून अडलं नाही. ज्वारी याच एमिलिया-रोमान्या प्रांतात पिकते, बरीचशी जनावरांसाठी, पण तिचं पीठ 'फारीना दि सोर्गो' नावाने ग्लूटेनरहित पदार्थांच्या कप्प्यात असतं. भाकरीला थोडं जास्त गरम पाणी घालून उकड काढावी लागते, मग छान फुगते. पोळीसाठी '००' लिहिलेलं पीठ घेऊ नका, तो मैदा आहे. बांगलादेशी दुकानातलं आटा पीठच आणा. आणि फ्रिज्योने नावाचा एक खास बोलोन्याचा प्रकार घरी करून बघा: पांढरे कांदे बारीक चिरून मीठ-साखर लावून ठेवायचे, मग मंद आचेवर तासन्‌तास, शेवटी टोमॅटो. मूळ कृतीत चरबी असते, तेलात केलं तरी काही बिघडत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लं, आणि त्या दिवशी मला घराची आठवण कमी आली.

भाषेबद्दल मी आग्रहाने बोलणार. प्रयोगशाळेत इंग्रजी चालेल, पण घरमालक, दवाखान्याची खिडकी, खालचा भाजीवाला, कुठेच चालणार नाही. येण्याआधीचे चार महिने रोज अर्धा तास द्या. आल्यावर सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रात (CPIA) नाव घाला. तिथले वर्ग जवळजवळ फुकट असतात. मराठी माणसाला या भाषेत मोठा फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आहेत. जोडाक्षराने अर्थ बदलणं आपल्याला नवीन नाही: सजा आणि सज्जा आपण वेगळे म्हणतो, तसं तिथे 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी. पिझ्झातला तो आवाज म्हणजे आपल्या चमच्यातला च. हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणींना तो शिकायला महिने लागले, तुम्हाला पहिल्या दिवशी येईल. तू आणि तुम्ही हा भेदही आहे: ओळखीच्याला 'तू', बाकी सगळ्यांना 'लेई'. सत्तरीच्या बाईंना 'तू' म्हणायचं नाही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि दुकानात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये पाऊल ठेवल्यावर आधी 'ब्वोंजोर्नो', म्हणजे नमस्कार, मग काम. न बोलता थेट काम सांगणं इथे उद्धटपणा समजतात.

'आपलं असं काही वाटेल का?' यावर माझ्याकडे दोन गोष्टी आहेत.

बोलोनिन्यात माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. दोन वर्षं आमचं ब्वोंजोर्नोपुरतंच होतं. एका रविवारी माझ्या पोळ्यांचा वास जिन्यात गेला आणि त्यांनी दार वाजवलं. मला येत होतं तेवढ्या इटालियनमध्ये मी सांगितलं, की पाणी, पीठ, मीठ, तेल, बस. त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं. टेबलावर भलामोठा लाकडी पाट, त्यावर जवळजवळ मीटरभर लांब लाटणं, मात्तारेल्लो. त्यांनी पिठाचा गोळा मधून बाहेर ढकलत, लाटण्यावर गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत, वर्तुळ एवढं वाढवलं की ते टेबलाच्या कडेवरून खाली लोंबलं. मग दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाल्या, यातून सान लुका दिसलं पाहिजे. सान लुका म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं देवीचं, मादोन्नाचं, देऊळ. मी माझं लाटणं वरून आणलं. त्यांना ते खेळण्यातलं वाटलं, पण पोळी फुगल्यावर त्यांनी टाळी वाजवली. माझ्या पुढच्या घराचा करार त्यांच्या भाच्याकडून मिळाला, नोंदलेला.

त्या देवळापर्यंत तुम्हीही चालत जा, पहिल्याच महिन्यात. ६६६ कमानींचा छपराचा रस्ता थेट वरपर्यंत नेतो, जवळजवळ चार किलोमीटर, भर पावसातही. असे छत असलेले पदपथ, पोर्तिको, या शहरात सगळे मिळून ६२ किलोमीटर आहेत आणि २०२१ साली युनेस्कोच्या यादीत आले. घराचा पुढचा भाग मालकाचा, पण चालणाऱ्या सगळ्यांसाठी खुला. १२८८ च्या नियमापासून हे असंच चालत आलंय. मला तिथून जाताना दर वेळी आमच्या गावच्या घराची ओसरी आठवते.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातून बोलोन्याची सुटका २१ एप्रिल १९४५ ला झाली, आणि मोठ्या चौकाशेजारी पियात्सा नेत्तूनोत मारल्या गेलेल्या बंडखोरांचे फोटो भिंतीवर लावलेले आहेत, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसतील. त्याच्या बारा दिवस आधी, ९ एप्रिलला, पूर्वेकडच्या सेनियो नदीच्या बांधावर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव होते. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं, परत फिरले, एकट्याने शत्रूची तीन मशीनगनची ठाणी गप्प केली, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सोबतचे कितीतरी जण परत आले नाहीत. फोर्ली इथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे. बोलोन्याहून लोकल गाडीने तासाच्या आत फोर्ली येतं.

मी दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी जाते. तुम्ही तोवर पाच महिन्यांच्या बोलोन्याकर झालेल्या असाल, बरोबर चला. फुलं मी निघताना इथूनच घेते.